अराबिकाची चकाकी

जुन्नरच्या पेठेत प्रेमचंदशेठच्या किराणा दुकानात हळद, मिरची, गूळ आपापल्या जागी सुखानं नांदत होते. त्यांच्या लेकानं, अरिहंतनं, एक फळी कॉफीची काढली आणि घरात वाद शिरला. अराबिका म्हणजे नाजूक, सुवासिक, थंड डोंगरउतारावरची. रोबस्टा कडू, धट्टीकट्टी, स्वस्त. हे तो हिंग घ्यायला आलेल्या गिऱ्हाइकालाही समजावून सांगे. गिऱ्हाईक मान डोलवी आणि चहापत्तीही मागे.

"आज तुजं पुण्याचं पावणं येणार न्हवं?" शेठ म्हणाले. "त्यांनी माल उचलला तर फळी तुजी. न्हाई तर उद्या तिथं शेंगदाणे."

पाहुणे म्हणजे ऋषीसाहेब. घाटघरच्या बाजूला रिसॉर्ट काढलेले आणि कॉफी चाखण्याचा कोर्स केलेले. त्यांनी अराबिकाचे भाजके दाणे तळहातावर घेऊन उन्हाकडे धरले. न्हाऊन तेल लावलेल्या नवरीच्या केसांसारखे दाणे चकाकत होते.

"बघा ही चकाकी. जातिवंत अराबिकाचं अंगचं तेल आहे हे. आणि हा रोबस्टा, कसा ठणठणीत कोरडा."

काल दाणे इतके चकाकत नव्हते, असं अरिहंतच्या मनात आलं. पण दारी आलेलं कौतुक परत कोण पाठवतं?

रोबस्टाचा एक घोट घेऊन साहेबांनी कप बाजूला सारला. अराबिकाचा मात्र संपवून दुसरा मागितला. "काय रेशमी आहे हो. घशाखाली आपोआप उतरते."

दुसरा कप भरायला अरिहंत आत गेला, तर त्याची आई सूरजबाई पदराला हात पुसत उभी.

"त्यो म्हागाचा हाय म्हनलास ना, म्हनून त्यालाच चोळलं बग. कीड लागाया नको."

"काय चोळलं?"

"एरंडेल. तुरीला चोळते तसं. म्हागाचा म्हनून जरा सढळ हातानं."

अरिहंत रिकामाच कप घेऊन बाहेर आला. "साहेब, आता बास करा. कॉफीनं झोप उडती."

"अराबिकात कॅफिन निम्मंच असतं. तुम्हीच सांगितलंत. भरा."

ऋषीसाहेब तृप्त होऊन गाडीत बसले. घाटघरचा रस्ता वळणावळणाचा आणि आडोसा कमी. दिवसभर अरिहंत फोन लावत राहिला, रेंज नव्हती. शेठ शेंगदाणे पाखडू लागले.

दुसऱ्या दिवशी गाडी दारात थांबली. अरिहंतनं आधीच हात जोडले. "साहेब, चूक झाली. आईनं त्या दाण्यांना एरंडेल चोळलं व्हतं."

ऋषीसाहेबांनी त्याच्याकडं दयेनं पाहिलं. "एरंडेल? आणि माझ्या जिभेला कळलं नसतं?" मग इकडंतिकडं बघून त्यांनी आवाज खाली आणला. "वर्षानुवर्षं गोळ्या खातोय हो मी. काल जागोजाग गाडी थांबवावी लागली, पण आज फुलासारखं हलकं वाटतंय. हा अराबिकाचा गुण. रिसॉर्टला हीच लावा, दर महिन्याला. अशीच चकाकती."

"पण साहेब, खरंच एरंडेल..."

"अरिहंत, आपल्या मालावर विश्वास ठेवायला शिका."

गाडी गेली. शेठनी शेंगदाण्यांचं पोतं आत सरकवलं. सूरजबाई परातीत अराबिका घेऊन बसल्या. हात दाण्यांवरून फिरू लागला, ओठांवर ओवी आली.

"बाळा, रोबस्टालाबी लावू का रे जरासं?"

"नको आई," अरिहंत बाटलीचं बूच लावत म्हणाला. "मग दोघांत फरक काय राहील?"