बाजीराव आण्णा आणि लाल काठाची केबल

आमच्या शेजारच्या बाजीराव आण्णांनी शेळी टेलिफोनच्या वायरीनं बांधली होती. दावं कुजतं, वायर कुजत नाही, एवढंच त्यांचं म्हणणं. शेळीचं म्हणणं कुणी विचारलं नाही.

आण्णा फौजेत सिग्नलला होते. तारा ओढण्यातच उमर गेली. निवृत्त होऊन तासगावला आले, थोडी द्राक्षबाग लावली, पण हात काही स्वस्थ बसेनात. कुणाकडंही गेले की चहाच्या आधी भिंतीवरच्या वायरी बघायचे. "मास्तर, ही बदला. जुनी वायर म्हंजी घरात पाळल्याला साप!" मी शाळामास्तर, मला फ्यूजसुद्धा घालता येत नाही. मी मान डोलवायचो आणि दुसऱ्या दिवशी आण्णा पक्कड घेऊन हजर. माझ्या घरची बेल त्यांनी इतकी सुधारली, की ती वाजली की समोरच्या घरातली माणसं दार उघडायला उठायची.

नव्वदचं दशक सरत आलं होतं आणि आमच्या आळीत कॉम्प्युटर फक्त आण्णांकडं होता. लेक सुरेखा कॉम्प्युटर शिकली म्हणून हौसेनं घेतलेला. पुढं सुरेखा लग्न होऊन सांगलीला गेली, तिथं एका क्लासात शिकवायलाही लागली. आण्णांच्या बायको, आमच्या काकू, आधीच वारल्या होत्या. मागं राहिले आण्णा, शेळी आणि कॉम्प्युटर. आण्णा त्यावर पत्ते खेळायचे आणि हरले की वायरी तपासायचे. आतली-बाहेरची एकूण एक वायर त्यांनी बदलून टाकली.

एक सोडून. हार्ड डिस्कला जोडणारी ती करडी, चपटी केबल. तिच्या एका काठाला लाल रेघ असायची, ती ठरल्या बाजूला ठेवून केबल बसवायची. उलटी बसवली तर कॉम्प्युटरला आतली डिस्क दिसतच नाही, सगळं ठप्प. आणि आण्णांच्या हातून ती हमखास उलटी बसायची! धूळ काढायला म्हणून सोडवायचे, परत लावायचे, की मशीन बंद. मग कोपऱ्यावरच्या एसटीडी बूथवरून फोन : "सुरे, तुजं मशीन परत मुकं झालं बग." रविवारी सुरेखा एसटीनं यायची, केबल नीट लावायची, भाकरी-आमटी करून बापाला जेवू घालायची आणि संध्याकाळच्या गाडीनं परत.

मला याचं मोठं कोडं पडलं. बर्फात, अंधारात तारा जोडणारा माणूस एवढी लाल रेघ कशी चुकतो? मी म्हटलं, "आण्णा, सांगलीला आता नवी केबल मिळते म्हणे. उलटी बसतच नाही. आणू का?"

"नगं. जुनीच बरी हाय."

जुनीच बरी! आण्णांच्या तोंडी! त्यांना ताप आहे का बघायला माझा हात जवळजवळ पुढं झाला होता.

एका शनिवारी दिवेलागणीला चहाची पावडर मागायला गेलो. दारातूनच दिसलं, मशीन झकास चालू होतं, पत्ते मांडलेले होते. आण्णांनी ते रीतसर बंद केलं, मशीनचा डबा उघडला, केबल सोडवली, चष्मा वर करून लाल रेघ निरखली आणि अगदी काळजीपूर्वक उलटी बसवली.

"आण्णा!"

ते दचकले. मग खुर्ची पुढं सरकवली. "बसा मास्तर. आता बगितलंच हाय तर आयका. नातवंड होईस्तवर लेकीच्या घरचं पानी प्यायचं न्हाई, ही आमच्यातली रीत. मी तिकडं जाऊन बसू कुटं? आन् तिला उगंच ये म्हनलं, तर सासरची मानसं म्हनत्याल, म्हातारा लेकीला नांदू देत न्हाई. मशीन बिगाडल्यावर मातूर कुनाला बोलता येत न्हाई." मग डबा बंद करत म्हणाले, "बोलू नगासा कुटं."

मला हसू आलं, पण हसवेना. पावडर मागायची राहूनच गेली.

दुसऱ्या दिवशी सुरेखा आली, ती पिशवीतून नवी केबलच घेऊन. मी मुद्दाम बघायला गेलो. बारीक तारांची, टोकाला उंचवटा असलेली. खाचेत एकाच बाजूनं जाणारी. "आता डोळं झाकून घातली तरी उलटी बसायची न्हाई, आण्णा."

"जुनी धड हाय की गं आजून," आण्णा पुटपुटले.

सुरेखानं ऐकलं नाही. केबल बसली, मशीन सुरू झालं. आण्णांनी हळूच आत हात घालून ती ओढून बघितली, पण ती घट्ट होती. मग ते नुसतेच उभे राहिले. मला त्यांच्याकडं बघवेना.

सुरेखा डब्याचे स्क्रू पिळत होती. वर न बघता म्हणाली, "सासूबाईस्नी सांगून आलोय मी. नवी केबल हाय, दर रविवारी उगडून बगायला लागती म्हनून."

आण्णांनी घसा खाकरला.

"व्हय," ते माझ्याकडं वळून अतिशय गंभीरपणे म्हणाले, "लय नाजूक असत्यात, मास्तर, ह्या नव्या केबली."