गव्याचा निवांत गोल्फ

एका जंगलात, मुलांनो, दाजीबा नावाचा एक गवा होता. त्याला निवांत बसता येत नसे. रवंथसुद्धा तो घाईघाईने उरकत असे.

त्याचा जिवलग मित्र म्हणजे केरूनाना अस्वल. केरूनाना आता म्हातारा झाला होता. नदीपलीकडच्या जंगलात लेकीकडे कायमचा राहायला निघाला होता.

जाण्याआधी तो म्हणाला, "दाजीबा, डोंगरामागे तळ्याकाठी गोल्फचं मैदान झालंय म्हणे. एकदा जाऊन निवांत खेळू."

"तुला खेळता येतं?"

"नाही. तुला?"

"मलाही नाही. पण निवांतपणाची काळजी करू नकोस. तो माझ्याकडे लागला."

आणि दाजीबा कामाला लागला. आधी एकट्याने जाऊन मैदान पाहून आला. मग बैठक बोलावली. बैठकीला केरूनाना आणि शेजारची सुगंधाबाई साळिंदर, एवढीच मंडळी होती. दाजीबाने सांगितलं, "पहाटे निघायचं. काठी अशी धरायची. चेंडू खड्ड्यात गेला की लगेच पुढच्या खड्ड्याकडे वळायचं. देखावा चौथ्या खड्ड्यापाशी बघायचा. तिथून तो बरा दिसतो."

"आणि गप्पा?" केरूनानाने विचारलं.

"परतताना."

सुगंधाबाई म्हणाली, "मी आपली थालीपिठं आणते."

ठरल्या दिवशी तिघं मैदानावर पोचले. हिरवंगार गवत, पलीकडे निळं तळं. केरूनाना दुसऱ्याच खड्ड्यापाशी थांबून एका खंड्या पक्ष्याकडे बघत राहिला.

"नाना, आपण मागे पडतोय," दाजीबा म्हणाला.

"कोणाच्या?"

दाजीबाने रागाने काठी फिरवली. चेंडू उंच गेला आणि थेट तळ्यात पडला.

दाजीबा तावातावाने पाण्यात उतरला. गुडघाभर गेला, पोटापर्यंत गेला. खाली मऊ, गार चिखल होता. तो बसला. आणि मुलांनो, तो उठलाच नाही.

थोड्या वेळाने केरूनाना पाण्यात येऊन त्याच्या शेजारी बसला. सुगंधाबाईने काठावर थालीपिठं मांडली.

मग दाजीबा हळूच म्हणाला, "नाना, जाऊ नकोस ना."

"एवढंच सांगायचं होतं, तर पहाटे कशाला उठवलंस?"

"सुचत नव्हतं कसं सांगावं. म्हणून बैठक घेतली."

केरूनाना हसला. "लेकीचं घर नदीपलीकडे आहे, चंद्रावर नाही. दर अमावास्येला येत जाईन. तूही येत जा."

"मी आलो की तिथं काय काय करायचं?"

"काही नाही."

"बरं," दाजीबा म्हणाला. असं 'बरं' तो जन्मात पहिल्यांदा म्हणाला होता.

एव्हाना मागे खेळायला आलेल्या, टोप्या घातलेल्या कोल्ह्यांची रांग लागली होती. मैदानाचा रखवालदार सांबर धावत आला.

"पाण्यात बसायची परवानगी नाही."

"बसलोय कुठे?" केरूनाना म्हणाला. "चेंडू शोधतोय."

"सापडला का?"

दाजीबाच्या खुराखाली काहीतरी गोल, टणक लागत होतं. त्याने पाय जरा घट्ट रोवला.

"अजून नाही," तो म्हणाला. "तुम्ही थालीपीठ घ्या."

सांबराने घेतलं. मग कोल्हेही आले.

तात्पर्य : सरावाने नेम पक्का होतो आणि मग चेंडू तळ्यात पडत नाही. म्हणून, मुलांनो, सराव बेतानेच करावा.