आडवा कापलेला तुकडा

अनू आणि रोहन, समोरच्या घराला कुलूप का, असं तुम्ही परवा व्हिडिओवर विचारलंत. गजभियेकाका निवृत्त होऊन रामटेकला बहिणीकडे राहायला गेले. तुम्ही त्यांना विसरायच्या आत लिहून ठेवते.

कुणी काहीही नवं आणलं की त्यांचा एकच प्रश्न, "तोडून पाहिलं काय?" मी पोछ्याचा नवा दांडा आणला, तर त्यांनी तो दोन खुर्च्यांवर आडवा ठेवला, मधोमध बादली टांगली आणि मगामगानं पाणी ओतत बसले. सतराव्या मगाला दांडा मोडला. "सोळा मग घेते," म्हणाले समाधानानं. संध्याकाळी तसाच दुसरा आणून दिला.

इंजिनिअरिंग कॉलेजच्या लॅबमध्ये त्यांचं कामच ते. तुकडा यंत्रात ओढून तोडायचा, आकडा लिहायचा. प्राचार्य एकदा म्हणाले, "आकडा थोडा वाढवून लिहा." काका म्हणाले, "त्यानं सोसलं तेवढंच लिहीन ना, सर."

मी तिथं इंग्रजी शिकवत असे. कार्बन फायबरच्या, म्हणजे बारीक काळ्या धाग्यांच्या कडक शीट बनवणाऱ्या एका कंपनीशी करार व्हायचा होता. कंपनी नवी लॅब देणार, आमची निवडक मुलं सहा महिने तिच्या कारखान्यात शिकणार. त्यांत कामठीची शबनम होती, पॉवरलूमवाल्याची मुलगी. पाहुण्यांसमोर यंत्र सुरू झालं आणि कंपनीचीच शीट पहिल्या ताणाला तडकली.

काकांनी तुकडा उजेडात धरला. "माल चांगला आहे. धागे उभे पाहिजे होते, हा आडवा कापला."

"कोणी?" कंपनीच्या बाईंनी विचारलं. "असा माणूस आम्हाला चालणार नाही."

शबनमचा चेहरा उतरला.

"मीच," काका म्हणाले आणि नोंदवहीत तसं लिहिलं.

तुकडे आदल्या दिवशी कापले होते, शबनमनं. त्या दिवशी काका रामटेकला होते. त्यांच्या घराची किल्ली माझ्याकडे होती, म्हणून मला ठाऊक.

बाहेर व्हरांड्यात ते तिला म्हणत होते, "घरी लूम चालते अन् तुले उभा-आडवा धागा समजत नाही काय वं? रडून काय राहिली? जा, दुसरा काप."

दुसरा तुकडा टिकला. करारावर सही झाली. नवी लॅब मात्र काकांऐवजी दुसऱ्याच्या हाती गेली.

"तुम्ही खोटं लिहिलंत?" मी विचारलं.

"आकडा खरा आहे, बाई." मग म्हणाले, "तिच्या घरी सारे वाट पाहून राहिले. माह्या घरी कोण आहे?"

शबनम आज त्याच कंपनीत इंजिनिअर आहे. दरवर्षी आमची मुलं तिथं जातात. ती नोंदवही कॉलेजात अजून आहे, आणि 'नमुना कापणारा' या रकान्यात गजभियेकाकांचं नाव आहे.