सासूबाईंच्या खोकल्यासाठी थोडी वाफ

एक पातेलं पाणी भरून रेडिएटरवर ठेवायचं, एवढंच मी ठरवलं होतं. यात माझं चुकलं काय, हे मी आजवर बऱ्याच जणांना विचारलं. सगळे म्हणतात, पातेल्यापर्यंत सगळं ठीक होतं. त्याच्या पुढचं बोलायला कोणी तयार नाही.

त्या जानेवारीत आमच्या बफेलो शहरावर सरोवराकडून असं बर्फ आलं की लोक आपल्या मोटारी काठीने टोचून शोधत होते. बाहेर ही परिस्थिती, आणि आमच्या घरात वैशाख! इमारतीच्या तळघरातली वाफेची भट्टी हॅनराहन नावाचा आयरिश गृहस्थ सांभाळायचा. तो पूर्वी बोटीवर भट्टीवाला होता, त्यामुळे आपली इमारत वेळेत बंदराला लागली पाहिजे अशा जिद्दीने तो कोळसा ओढायचा. वाफ नळांतून सूं-सूं करत वर यायची, भिंतीलगतचे लोखंडी रेडिएटर तापायचे आणि हवा अशी कोरडी ठणठणीत व्हायची की सकाळी आणलेल्या पावाचा दुपारी विस्तवाशिवाय टोस्ट होई. टेबलाचे पाय खिळखिळे झाले. दाराच्या मुठीला हात लावला की ठिणगी उडे. एकदा मी लुद्विकाचा मुका घ्यायला गेलो, तर दोघांच्याही नाकाला चटका बसला.

‘हवा कोरडी आहे, म्हणून होतं असं,’ मी तिला समजावलं.

‘मग हवा ओली होईपर्यंत लांब राहा,’ ती म्हणाली.

(लुद्विका म्हणजे माझी बायको. मी झिग्मुंट पावलिक, बंदरावरच्या धान्याच्या गोदामात कारकून. माझ्याविषयी यापेक्षा जास्त माहिती गोदामातही कुणाला नाही.)

हे सगळं मी सोसलं असतं. पण सासूबाईंना खोकला झाला.

आता सासूबाईंचा खोकला हा जावयाच्या काळजीचा विषय आहे, यावर तुमचा विश्वास बसणार नाही. पण माझी गोष्ट वेगळी होती. सासूबाई नोव्हेंबरात आमच्याकडे राहायला आल्या आणि माझे दिवस पालटले. एक तर त्यांच्या हातच्या पिएरोगी, म्हणजे आमच्या पोलिश उकडलेल्या करंज्या. बटाट्याचं सारण, वर परतलेला कांदा... जाऊ दे. दुसरं म्हणजे, आईसमोर नवऱ्याला बोलायचं नाही, ही लुद्विकाच्या माहेरची शिस्त. नोव्हेंबरपासून मी मोजे कुठेही टाकत होतो. दोनदा तर मी दूध आणायलाच विसरलो. लुद्विका नुसती ओठ मिटून बघायची आणि सासूबाई म्हणायच्या, ‘असू दे गं, दमून येतो बिचारा.’ ‘बिचारा’ हा शब्द माझ्याबाबतीत इतक्या मायेने पूर्वी कुणी वापरला नव्हता.

डॉक्टर आले. त्यांनी सासूबाईंची छाती तपासली, भिंतीला हात लावला, रेडिएटरकडे पाहून मान हलवली.

‘यांच्या छातीत काही नाही. तुमच्या हवेत काही नाही,’ ते म्हणाले. ‘ओलावा नाही हो हवेत! चूल असलेल्या घरात ठेवा यांना. चुलीवर किटली उकळत असते, खोकला आपोआप जातो. फक्त एवढ्या थंडीत आत्ताच बाहेर काढू नका. खोकला जरा कमी होऊ दे, मग हलवा.’

चूल असलेलं घर म्हणजे लेऑनचं. लेऑन हा माझा साडू. शहराबाहेर त्याचं स्वतःचं घर, स्वतःची कोंबडी, स्वतःची मोटार, आणि या सगळ्यावर स्वतःचं मत. तो मला लग्नापासून पाण्यात पाहतो. त्याच दिवशी संध्याकाळी तो येऊन बसला.

‘साडूभाऊ, तुमचं हे वाफेचं घर म्हणजे भाकरी भाजायला उत्तम,’ तो म्हणाला. ‘माणसांनी राहावं कसं यात? खोकला कमी झाला की आईंना मी घेऊन जातो.’

‘काही गरज नाही,’ मी म्हणालो. ‘हवेत ओलावाच हवा ना? मी आणतो.’

‘कुठून?’

‘नळातून,’ मी म्हणालो. (त्या वेळी हे उत्तर मला फार बाणेदार वाटलं होतं.)

तर असं ते पातेलं. रात्रभर रेडिएटरवर राहून त्यातलं पाणी दोन पेले कमी झालं. मी खूश. पण मग वर्तमानपत्रातल्या आरोग्याच्या सदरात वाचलं की आमच्याएवढ्या घराला दिवसाला दहा गॅलन पाणी हवेत सोडावं लागतं. मी कारकून माणूस. कागद घेऊन हिशोब केला. आमच्या वेगाने ओलावा यायला घरात साठ-सत्तर पातेली लागत होती. आमच्याकडे चार होती, त्यातल्या एकात कोबीचं सूप.

मग ओले टॉवेल. मग ओल्या चादरी. मग दोऱ्या बांधून घरातले सगळे कपडे भिजवून टांगले. तासाभरात ते पापडासारखे कडक झाले. शेजारपाजारच्या बायकांना हे कळायला वेळ लागला नाही. बाहेर दोरीवर घातलेल्या कपड्यांची लाकडं होत होती, त्यामुळे दुसऱ्या दिवशी प्रत्येकीच्या मनात सासूबाईंच्या खोकल्याविषयी कणव दाटून आली आणि जी ती आपलं धुणं घेऊन हजर झाली. गोदामातून घरी आलो की मला परक्या पुरुषांच्या लांब चड्ड्या बाजूला सारत जेवणाच्या टेबलापर्यंत वाट काढावी लागे. खोकला तसूभरही कमी झाला नाही. लुद्विका ओठ मिटून बघत होती. आता तिचे ओठ पांढरे पडायला लागले होते.

शनिवारी जिन्यात हॅनराहन भेटला. मी सहज विचारलं, ‘काय हो, या रेडिएटरात असतं काय?’

‘वाफ,’ तो म्हणाला.

‘आणि वाफ म्हणजे?’

‘पाणीच की. गरम केलेलं.’

मी जिन्यातच खाली बसलो. चार पातेली आणि अख्ख्या गल्लीचं धुणं घेऊन मी ज्या पाण्यामागे धावत होतो, ते आपण होऊन तळघरातून तीन मजले चढून माझ्या घरात येत होतं, आणि एका लोखंडाच्या पिंजऱ्यात फिरून परत जात होतं!

प्रत्येक रेडिएटरच्या कडेला एक लहानशी झडप असते. आतली हवा तिच्यातून निघून जाते, वाफ आली की ती मिटते. ती झडप थोडी सैल करायची. थोडीच. अर्धा आटा. (माझ्या आयुष्यातल्या सगळ्या संकटांचं माप अर्धा आटा आहे.)

रविवारी लुद्विका चर्चला गेली. येताना ती लेऑनला जेवायला घेऊन येणार होती. सासूबाई शाल लपेटून खोकत बसल्या होत्या. मी पाना घेऊन रेडिएटरपुढे गुडघे टेकले.

‘प्रार्थना करतोयस?’ सासूबाईंनी विचारलं.

‘नाही आई, तुमच्या खोकल्याचा बंदोबस्त.’

अर्धा आटा फिरवला. फुस्स करून वाफेची नाजूक रेघ निघाली. सासूबाईंनी तोंड पुढे करून एक लांब श्वास घेतला.

‘अगंबाई, किती बरं वाटतंय! अजून जरा.’

अजून जरा फिरवलं. आणि झडप सुटली. सुटली म्हणजे माझ्या कानाजवळून उडून कपाटाखाली गेली, आणि त्या भोकातून जो फुत्कार निघाला, तो ऐकून मला हॅनराहनच्या जिद्दीची पहिल्यांदा खरी कल्पना आली.

घाबरायचं कारण नव्हतं. रेडिएटरच्या तळाशी वाफ बंद करायचं चाक असतं. आमचं चाक दरवर्षीच्या रंगाखाली गाडलं गेलं होतं. तरी मी हाताला मोजा गुंडाळून सगळा जीव लावला. चाक फिरलं. नुसतं चाकच. ते माझ्या हातात आलं आणि खालची दांडी होती तिथेच राहिली.

पाच मिनिटांत मला माझे हात दिसेनासे झाले.

‘आई, कुठे आहात?’

‘खुर्चीत. तू कुठे आहेस?’

‘बहुतेक कपाटाखाली.’

‘तिथे काय करतोयस?’

‘झडप शोधतोय!’

झडप सापडली. ती इतकी तापली होती की सापडल्यासरशी मी ती परत हरवली. एवढ्यात भिंतीवरून काहीतरी ओलं, थंडगार माझ्या मानेवर येऊन टेकलं. मी किंचाळलो. तो भिंतीचा कागद होता. लुद्विकाने स्वतः पसंत केलेला, निळ्या फुलांचा. तो वरून सुटून सावकाश खाली येत होता, एकेक पट्टी, दरबारात मुजरा करावा तशी.

आणि दारावर थाप पडली.

मी दार बोटभर उघडलं. हॅनराहन होता, घामाघूम.

‘मिस्टर पावलिक, भट्टीतलं पाणी जातंय.’

‘कुठे?’

‘तेच तर शोधतोय! अर्ध्या तासात दोनदा भरलं, आता पातळी दाखवणाऱ्या काचेच्या नळीत पुन्हा दिसेनासं झालंय. तुमच्याकडे कुठे गळत नाही ना?’

‘एक थेंबही नाही,’ मी म्हणालो. (हे अक्षरशः खरं होतं.)

तो माझ्याकडे बघत राहिला. ‘तुमच्या चष्म्यावर धुकं कसलं?’

‘मी रडत होतो.’

‘का हो?’

‘सासूबाई... खोकला आहे त्यांना.’

हॅनराहनचा चेहरा मऊ झाला. त्याने हळूच टोपी काढली. ‘फार आहे का?’

मी मान खाली घातली. आणि आतून सासूबाईंचा खणखणीत आवाज आला, ‘झिग्मुंट! आधी दार लाव, वाफ चाललीये सगळी!’

हॅनराहनने टोपी परत घातली.

दार त्याने खांद्यानेच उघडलं. एका नजरेत, म्हणजे जितकं दिसत होतं तितक्यात, त्याला सगळं कळलं. माझ्या तोंडचं आणि त्याच्या भट्टीतलं पाणी एकाच वेळी पळालं होतं. तो खाली धावला आणि त्याने आग विझवली. ‘कोरड्या भट्टीत आग ठेवली तर इमारत सरळ स्वर्गाला लागते,’ असं तो जिन्यातून ओरडत गेला. भट्टी पूर्ण निवल्याशिवाय तिच्यात थंड पाणी घालता येत नाही. म्हणजे दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत इमारतीत ऊब नाही. बारा बिऱ्हाडं. माझ्या दाराला टेकून मी एकेक दार उघडल्याचा आणि एकेकाने ‘कोण? पावलिक?’ असं विचारल्याचा आवाज ऐकत होतो.

निदान लुद्विका येण्याआधी वाफ तरी बाहेर घालवावी, म्हणून सासूबाईंना आतल्या खोलीत बसवून मी खिडक्या सताड उघडल्या. वाफ गेली. थंडी आली. भिंती, खुर्च्या, दिव्याची काच, सगळं जे ओलंचिंब झालं होतं, ते माझ्या डोळ्यांदेखत गोठायला लागलं. खाली आलेला कागद जमिनीवर वाकला होता तसाच कडक झाला. शेजारणींच्या नवऱ्यांच्या चड्ड्या दोरीवर ताठ उभ्या राहिल्या.

अशा वेळी दार उघडून लुद्विका आणि लेऑन आत आले.

लेऑनने टोपी काढली, विचार केला आणि पुन्हा घातली.

‘मी सांगतो काय झालं,’ मी म्हणालो.

‘तोंडाची वाफ दवडू नकोस,’ लुद्विका म्हणाली.

मग आतल्या खोलीतून सासूबाई आल्या. गाल गुलाबी, डोळे चमकताहेत, केस कपाळाला चिकटलेले. शाल सारखी करत त्या म्हणाल्या, ‘अगं, तासभर झाला, मला एकदाही खोकला आला नाही! बघा.’ त्यांनी मुद्दाम एक लांब श्वास घेऊन दाखवला. खरंच नाही आला. ‘जावयाने बरं केलं हो मला. डॉक्टरला नाही जमलं ते!’

माझ्या डोळ्यांत पाणी आलं. आठवडाभर केलेल्या धडपडीचं कुणीतरी चीज केलं होतं. मी अभिमानाने लेऑनकडे पाहिलं.

‘वा!’ लेऑन म्हणाला. ‘म्हणजे आता यांना हलवायला हरकत नाही. डॉक्टर तेच म्हणाले होते ना, खोकला कमी झाला की हलवा? गाडी खालीच आहे.’

मी सासूबाईंकडे पाहिलं. त्यांनी भिंतींकडे पाहिलं, मग खिडकीच्या आत धरलेल्या बर्फाकडे.

‘जाते रे बाबा,’ त्या हळूच म्हणाल्या. ‘आता इथे राहिले तर परत खोकला होईल.’

अर्ध्या तासात त्यांचं गाठोडं बांधून झालं. दारात त्यांनी माझ्या दोन्ही गालांचे मुके घेतले आणि म्हणाल्या, ‘बिचारा!’ मीही कोट चढवून त्यांच्या मागे निघालो होतो. पण लेऑनने माझ्या छातीवर हात ठेवला.

‘साडूभाऊ, गाडीत जागा आहे,’ तो म्हणाला. ‘पण आमच्या घरात सगळं चालू स्थितीत आहे. ते तसंच राहू दे.’

मोटारीचा आवाज वळणापलीकडे जाईपर्यंत मी खिडकीशी उभा होतो. मागे वळलो, तर लुद्विका खोलीच्या मधोमध उभी. अंगात कोट, डोक्याला रुमाल, हात बांधलेले. नोव्हेंबरपासून मिटलेले तिचे ओठ उघडले होते.

‘आई गेली,’ ती म्हणाली. ‘आता बस इथे. पहिल्यापासून सुरू करू. मोज्यांपासून.’

मी बसलो. खुर्चीच्या गादीत बर्फ झालं होतं. पण ते सांगायची ती वेळ नव्हती.