आबांची चटई

"मुकुल माँटेसरीतच जाणार," उत्तरा तव्यावरची पोळी उलटत म्हणाली.

"मुकुल शाळेत जाणार," आबा म्हणाले. माँटेसरी ही शाळाच नव्हे, हे त्यांनी एका शब्दावर जोर देऊन सांगून टाकलं.

साडेतीन वर्षांचा मुकुल तेव्हा टेबलाखाली बसून स्वतःच्या चपलेला वरणभात भरवत होता. त्याला कुणी काही विचारलं नाही.

डोंबिवलीतल्या त्या घरात महिनाभर हेच चाललं होतं. आबा म्हणजे उत्तराचे सासरे. कल्याणला गणित शिकवण्यात त्यांचा जन्म गेलेला. बाक, फळा, घंटा आणि खच्चून ओरडून म्हटलेले पाढे, याशिवाय मूल माणसात येत नाही, असं त्यांचं ठाम मत. उत्तराचं म्हणणं, मुलाच्या हातात वस्तू द्या, ते आपलं आपण शिकतं.

"ठोकळे खेळायची फी घेतात म्हणे!"

"आणि तुमच्या शाळेत गप्प बसायची घेतात!"

मुकुलचे बाबा नोकरीसाठी नाशिकला होते. ते फोनवर दोघांनाही "बरोबर आहे तुमचं" म्हणून मोकळे व्हायचे.

शेवटी तह झाला. शनिवारी सकाळी मुकुलने बालघरात, म्हणजे उत्तराच्या त्या माँटेसरीत, बसून बघायचं आणि साडेबाराला कल्याणच्या मोठ्या शाळेत भेटीला जायचं. मगच काय ते ठरवायचं. साडेबाराची वेळ चुकली की तिथली जागा गेलीच, कारण मागे मुलांची रांग लागलेली. पण शनिवारी उत्तराला ऑफिस होतं. ती परस्पर कल्याणला पोचणार होती.

"मी नेते ना त्याला!" कृतिकाने जाहीर केलं. कृतिका म्हणजे मुकुलची नववीतली ताई. नुकतंच तिला वक्तृत्व स्पर्धेत बक्षीस मिळालं होतं आणि तेव्हापासून ती मीठ मागतानासुद्धा समोर माइक असल्यासारखी बोलायची. "मी काय लहान आहे का आता? साडेबाराला मुलगा तुझ्या हातात. प्रॉमिस!"

"बरं. आबांना घेऊन जा बरोबर."

"ए काय गं आई! माझ्यावर लक्ष ठेवायला?"

"नाही गं. घरी राहिले तर दिवसभर मला फोन करत बसतील."

बालघरात पाऊल टाकलं आणि कृतिका चाटच पडली. एवढीएवढीशी मुलं आपापल्या चटईवर बसून गुपचूप कामं करत होती. कुणी चमच्याने डाळ या वाटीतून त्या वाटीत करतंय, कुणी बटणं लावतंय. अमृताताई म्हणून तिथल्या शिक्षिका होत्या, त्यांनी कुजबुजत नियम सांगितले. चटईवर कामात असलेल्याला हाक मारायची नाही, त्याची चटई तुडवायची नाही. काम पुरं झालं की वस्तू जागेवर ठेवायची, मगच उठायचं.

आबा हात पाठीमागे बांधून तपासणीला आल्यासारखे उभे होते. "फळा कुठाय? आणि बाक?" त्यांनी आपल्या वर्गातल्या आवाजात विचारलं.

"शूऽऽऽ!" सगळ्या वर्गाने ओठांवर बोट ठेवलं.

ज्यांच्या नुसत्या खाकरण्याने अख्खी शाळा चिडीचूप व्हायची, त्या आबांना दुधाच्या दातांच्या पोरांनी गप्प केलं. कृतिकाला हसू आवरेना. मोठ्यांची खुर्ची तिथे नव्हतीच. ताईंनी आबांसाठी एक चटई अंथरली. "बसा ना. हवं ते घ्या बघायला."

"बघतोच," आबा म्हणाले, आणि या असल्या वस्तूंत काही अर्थ नाही हे सिद्ध करण्यासाठी त्यांनी फळीवरचा एक लाकडी डबा उचलला.

इकडे मुकुलने या तांब्यातलं पाणी त्या तांब्यात ओतलं, परत या तांब्यात ओतलं, मग पिऊन टाकलं. संपलं त्याचं काम. तो बूट उलटसुलट घालून दाराशी जाऊन बसला. "ताई, जाऊया?"

कृतिका खूश. वेळेच्या आधीच! "आबा, चला."

आबा हलले नाहीत. त्यांच्यासमोर लाल, निळे, काळे ठोकळे मांडलेले. ते स्वतःशीच पुटपुटत होते. "हा लाल म्हणजे ए घन... हे तीन चपटे, ए वर्ग बी... अरे, तीनदा! तीनदाच की! आणि सगळे मिळून एक घन होतो! अरेच्चा, हे दिसतं असं?" जन्मभर ए अधिक बीच्या घनाचं जे सूत्र त्यांनी पोरांकडून घोकून घेतलं, ते आज पहिल्यांदा त्यांच्या हातात आलं होतं.

"आबा! कल्याण!"

"ते कामात आहेत," अमृताताई हळूच म्हणाल्या.

"अहो, पण ते मूल नाहीयेत! माझे आजोबा आहेत!"

"चटईवर आहेत ना?"

वक्तृत्वाचं बक्षीस गेलं पाण्यात. तेवढ्यात संचिता नावाची एक चिमुरडी आबांसमोर येऊन उभी राहिली. "आजोबा, झालं तुमचं?"

"नाही."

"मला पण तेच पाहिजे."

"मग थांब नंबर लावून."

संचिताचा ओठ बाहेर आला. "ताईऽ, आजोबा कवापासून तेच घेऊन बसलेत!"

आता मात्र कृतिकाचा धीर सुटला. आबांना हात धरून उठवावं म्हणून ती पुढे झाली, तिचा पाय चटईवर पडला आणि पूर्ण होत आलेला घन धाडकन कोसळला.

"हिने चटई तुडवलीऽऽ!" वर्ग एका सुरात ओरडला.

"कृतिका!" आबा कडाडले. "माणूस कामात आहे, दिसत नाही? आता पहिल्यापासून करावं लागणार!"

फोन थरथरला. ती व्हरांड्यात पळाली.

"निघालात ना?" उत्तरा विचारत होती. "मुकुल रमला का तिथे?"

"मुकुल बूट घालून बसलाय."

"मग अडलंय कुठे?"

"आबा रमलेत."

"कृतिका, तू प्रॉमिस केलेलंस."

मग कृतिकाने ठरवून टाकलं. ती ताईंकडे गेली. "मी मुकुलला घेऊन जाते. यांना सांभाळाल?"

"ठेवा की. सुटायच्या वेळी घ्यायला या मात्र," ताई गंभीरपणे म्हणाल्या. "घरचं कुणी दिसलं नाही की कावरीबावरी होतात."

रिक्षा पत्री पुलावर अडकली. हॉर्नच्या कालव्यात मुकुलही "पींऽऽप!" करून जीव तोडून ओरडत होता, आणि कृतिका "काका, प्लीज ना, काका!" करत होती. शिपायाने मुकुलचं नाव पुकारायला आणि हे तिघे फाटकात एकत्र यायला एकच गाठ पडली. तिघे, कारण घाईत रिक्षावाले काकाच मुकुलला उचलून धावत आले होते.

"बाळा, नाव काय तुझं?" आत उत्तरासमोर बसलेल्या बाईंनी विचारलं.

मुकुलचं लक्षच नव्हतं. शेजारच्या वर्गातून "बे दुणे चाऽऽर!" ऐकू येत होतं. त्याचे डोळे लखलखले. तो सरळ त्या वर्गात घुसला, एका बाकाच्या टोकावर चढून बसला आणि ओरडला, "बे दुणे चाऽऽऽर!" पुढचं काही येत नव्हतं, म्हणून तेच पुन्हा म्हणाला.

"आई! इथे ओरडायला देतात!"

त्याला बाहेर आणायला दोन शिपाई लागले. उत्तरा बघतच राहिली. इतका आनंदी तो आयुष्यात फक्त एकदाच, आबांचा चष्मा त्याच्या हाती लागला तेव्हा, झाला होता.

तिघं मग आबांना आणायला गेली.

"उत्तरा, मुकुलला इथेच घालायचं," आबा चटईवरूनच म्हणाले. "घोकंपट्टीने काही होत नाही!"

"मुळीच नाही. मुलाला शिस्त लागायला हवी," उत्तरा म्हणाली. "बाक हवा, फळा हवा!"

म्हणजे भांडण तेच, फक्त माणसांनी जागा बदललेल्या. दोघांनी एकदमच नाशिकला फोन लावला.

"ठेवा फोन," कृतिका म्हणाली. या वेळी माइक नव्हता, पण दोघांनीही ठेवले. "मुकुल कल्याणला. आबा इथे. अमृताताईंना मदतीला माणूस हवाच आहे, मी विचारलंय."

जूनपासून तसंच सुरू झालं. मुकुल खाकी चड्डी घालून ओरडायला जायला लागला आणि आबा मंगळवारी-शुक्रवारी डबा घेऊन बालघरात. महिन्याभराने अमृताताईंचा निरोप आला, "आबांच्या घरचं कुणीतरी येऊन भेटा." उत्तराला ऑफिस होतं. शाळा सुटल्यावर कृतिकाच गेली.

"एकाग्रता उत्तम आहे," ताई म्हणाल्या. "वस्तू जागेवर ठेवतात. पण दुसऱ्याला देत नाहीत. संचिताला तो डबा अजून एकदाही मिळालेला नाही. काल तर दोघांची ओढाओढी झाली."

"असं होय?" कृतिकाने ओढणी सारखी केली. "मी बोलते घरी."

ती बाहेर आली तेव्हा आबा पायरीवर डब्याची पिशवी मांडीवर घेऊन बसले होते. तिला बघताच धडपडत उठले.

"काय गं, काय म्हणाल्या ताई?"

"घरी चला," कृतिका म्हणाली. "मग सांगते."