एका हातपंपाचे पाच पक्ष

हातपंपाला आमदाराचं शिफारसपत्र लागेल, आणि पत्र उघडलं जाईल त्या दिवशी आमदार लेटरपॅडवरच्याच पक्षात असला पाहिजे, हा नियम करणाऱ्या साहेबांवर सरळ आरोप आहे: तुम्ही आमदारांना अजिबात ओळखत नाही, किंवा फारच चांगलं ओळखता.

आमदार हा जनतेचा सेवक असतो, आणि सेवकाला मालक बदलायचा हक्क असतो. लखनौचे जयसिंगजी त्र्याण्णव साली निवडून आले आणि त्यांनी हा हक्क गंजू दिला नाही. (कायद्यानं एकट्याला फुटता येत नाही, पक्षाचे एक तृतीयांश आमदार मिळून फुटले तर चालतं, म्हणून ते कायम त्या एक तृतीयांशात असत.)

त्यांच्या मतदारसंघात सरलाताई मुंडले राहायच्या. नवरा शशिकांत संशोधन संस्थेत पाण्यातले जंतू मोजायचा, त्यामुळे घरच्या नळाला काय येतं ते आकड्यांसकट ठाऊक होतं. मुलीला, अबोलीला, दोनदा कावीळ झाली होती. कॉलनीला हातपंप हवा होता, एवढंच.

सरकारी कचेरीत पत्र उघडायला तीन आठवडे लागत. जयसिंगजींचा एका पक्षातला सरासरी मुक्काम एकोणीस दिवस. पहिलं पत्र परत आलं. दुसरंही. तिसऱ्यावरचा पक्ष बरोबर होता, कारण जयसिंगजी मधे जाऊन परत आले होते. पण मधे गेले होते, म्हणून तेही परत. चौथं सरलाताईंनी कोऱ्या कागदावर नेलं. शेरा पडला: ‘आमदार अपक्ष झाल्याचे कळविलेले नाही.’

मग त्यांनी जयसिंगजींची लेटरपॅडं छापणारा अमीनाबादचा छापखाना गाठला. मालक गोपीनाथ म्हणाला, “बहनजी, पाँचों पार्टियों के ब्लॉक तैयार हैं। छठा बन रहा है।”

पाचही पॅडांवर जयसिंगजींनी न वाचता सह्या केल्या. डोळे भरून म्हणाले, “आप पहली हैं, जिसने मुझे पूरा समझा।”

पाचही पत्रं एकदम उघडली गेली. त्याच सकाळी जयसिंगजींचा शपथविधी झाला होता. शेरा: ‘मंत्री शिफारस करीत नाहीत, आदेश देतात.’

“तो आदेश दे दीजिए,” सरलाताई त्यांच्या बंगल्यावर जाऊन म्हणाल्या.

“किस विभाग से? विभाग तो मिला ही नहीं।” (खाती संपली होती, मंत्री उरले होते.)

शहाण्णवला निवडणूक आली. जयसिंगजी हात जोडून कॉलनीत आले. सरलाताईंनी नळाचं पाणी पेल्यात भरून पुढे केलं. त्यांनी पेला उजेडात धरला आणि परत दिला. “आज व्रत है।”

कॉलनीत चारशे बारा मतं पडली. जयसिंगजींना तीनशे नव्वद.

“अहो, तुम्ही कुणाला दिलंत?” सरलाताईंनी विचारलं.

“अगं, बाकीचे उमेदवार आपल्या ओळखीचे तरी होते का?” शशिकांत म्हणाला. “आणि तू?”

आतून अबोली ओरडली, “मम्मी, पानी!” सरलाताई पाणी उकळायला ठेवायला उठल्या. तिसऱ्या काविळीत डॉक्टरांनी वीस मिनिटं सांगितली होती.

वाचकहो, हसताय काय? तुमचा आमदार आज कुठल्या पक्षात आहे, ते पेपर न बघता सांगा. सांगता येत नसेल, तर मागच्या खेपेला त्याला मत का दिलंत, ते सांगा. बोला!