ठाणेदारांच्या दारातलं भूत

हवालदार देवराव यांच्या मते नागपुरात गुन्हे कमी होते, कारण नागपुरात हवालदार देवराव होते. ही माहिती ते न विचारता देत. "आपली नजर म्हणजे एक्स-रे," असं म्हणत ते कपाळावर सरकवलेला चष्मा टेबलाखाली शोधत. त्या नजरेला आजवर एक चोरीची सायकल सापडली होती. ती त्यांचीच होती आणि चोरीला गेलेली नव्हती.

अशा माणसाचा सहायक होणं शिपाई नत्थूच्या नशिबी आलं. त्यात चौऱ्याहत्तर सालच्या मे महिन्यात सक्करदऱ्याकडच्या त्यांच्या चौकीत भूत निघालं. रोज भर दुपारी, जेवणाच्या सुट्टीत, ठाणेदारसाहेबांच्या दारापुढे ओली पावलं उमटत आणि बघता बघता नाहीशी होत. मागच्या विहिरीवरून नत्थूला बोलावून आणेपर्यंत फरशी कोरडी ठणठणीत. पण चौकीला लागूनच नत्थूचं क्वार्टर होतं आणि मुलगी जया लग्नाची होती. होणाऱ्या विहीणबाईंचा, पार्वतीबाईंचा, रामदासपेठेतून निरोप आला: शुक्रवारी येतो, भूत गेलं असेल तर बोलणी, नाही तर राम राम. जयाला मुलगा मनापासून आवडला होता. नत्थूला तिच्या तोंडाकडे बघवेना.

"शुक्रवारपर्यंत काही करा जी," त्याने देवरावांना विनवलं.

बुधवारी देवराव भिंग घेऊन व्हरांड्यात पालथे पडले.

"ऐक गा नत्थू. अंगठे साहेबाच्या दाराकडे. जाणारे पाय हायेत, येणारे नाहीत. तिकडं टोकाले पुसट, दाराजवळ ठळक. म्हणजे भूत हवेसारखं निघते अन् दारापाशी येता येता अंगानं भरते."

"मंग जाते कुठं?"

"आत."

"आत तं साहेब हायेत."

देवरावांनी मिशीवरून हात फिरवला. "तेच तं म्हणून राहिलो."

साहेबांचे पाय उलटे आहेत का, हे तपासणं आता भागच होतं. गुरुवारी देवरावांनी टेबलाखाली रांगत जाऊन साहेबांचे बूट आणि मोजे उतरवले. दोघांना दोन तास उन्हात कवायत मिळाली. देवरावांनी डायरीत नोंद केली: 'पाय सुलटे. डाव्या तळव्याला भोवरी. साहेब तूर्त संशयमुक्त.'

शुक्रवारी देवरावांनी व्हरांडाभर लिंबं-मिरच्या टांगल्या आणि ते डोळे मिटून विचार करू लागले. त्यांच्या विचाराला हलकीशी घरघर होती. पार्वतीबाई नेमक्या भर दुपारी आल्या आणि "मीच पाह्यतो ते भूत," म्हणत बाकावर बसल्या. पाहुणे येणार म्हणून झाडूवाली तुळसाबाईही अजून झाडतच होती, एरवी ती अकरालाच घरी जाई. भुताची वेळ झाली होती, पण ड्युटी ती ड्युटी. सरकारी बूट भिजू नयेत म्हणून त्याने ते काढले, बादली उचलली आणि रोजच्यासारखं साहेबांच्या दारावरच्या वाळ्याच्या ताट्यांवर, त्या गवती पडद्यांवर, गारव्यासाठी पाणी मारलं. मग तो एकेक पाऊल मागे सरकत निघाला.

तुळसाबाईने झाडू थांबवला. "नत्थूभाऊ, उलटे काहून चालून राहिले?"

"आत साहेब बसले हायेत. साहेबाले पाठ दाखवाची का?"

"मंग भूत तं तुम्हीच ना. पाहा खाली."

नत्थूने पाहिलं. दारापासून थेट त्याच्यापर्यंत ओली पावलं आली होती, सगळ्यांचे अंगठे दाराकडे. शेवटच्या दोन पावलांवर तो स्वतः उभा होता. नागपूरचं ऊन बाकीची एकेक करून पुसत होतं.

"माझा पहिल्यापासून याच्यावरच डोळा होता," जागे झालेले देवराव म्हणाले.

नत्थूला मेल्याहून मेल्यासारखं झालं. जयाचं लग्न आपण आपल्याच पायांनी मोडलं, असं त्याला वाटलं. पार्वतीबाई त्या पावलांकडे बघत राहिल्या. मग त्यांचे खांदे हलू लागले आणि पदर तोंडाला लावूनही हसू आवरेना.

"पडद्याआडच्या साहेबाचा इतका मान," त्या डोळे पुसत म्हणाल्या, "पोरगी यातला निम्मा जरी घेऊन आली, तरी माह्यं घर भरलं. करा बोलणी."

नत्थूने बादली मागे ठेवून हात जोडले. आता विहीणबाईंना तरी पाठ कशी दाखवायची? तो अदबीने एक पाऊल मागे सरकला आणि त्याचा पाय बादलीत गेला.

"नत्थू," ताट्यांमागून साहेबांचा आवाज आला, "भूत गेलं का?"

"गेलं जी," नत्थू बादलीतून म्हणाला.